सरकारी मदतीने माणूस परावलंबी होतो का? आणि सुखी?

पायवाट

सरकारी मदतीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘फुकटचं मिळायला लागलं की माणूस हातपाय हलवत नाही’ हे एक, आणि ‘उपाशी माणसाला कसलं आलंय स्वातंत्र्य’ हे दुसरं. दोन्हीकडचे लोक ठाम असतात आणि चर्चा तिथेच रुतून बसते. त्या आधीचा प्रश्न मात्र राहून जातो: मदत मिळण्यापूर्वी तो माणूस कोणावर अवलंबून होता?

कोणावरच अवलंबून नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. नोकरदार मालकावर अवलंबून असतो, न कमावणारी बायको नवऱ्यावर, थकलेले आईवडील मुलांवर, अडलेला सावकारावर. सरकारी पैसा येतो तेव्हा यातलं एखादं अवलंबित्व सैल होतं आणि त्याच्या जागी सरकारवरचं येतं. नवं ओझं जुन्यापेक्षा हलकं की जड, हे बघितल्याशिवाय लोक परावलंबी झाले की मोकळे झाले, यातलं काहीच म्हणता येत नाही.

माझं मत असं की मदत ठरलेल्या नियमाने, हक्क म्हणून मिळते तेव्हा ओझं हलकं होतं. ती कोणाच्या तरी मर्जीवर, ‘तू लायक आहेस का’ या चौकशीवर टांगलेली असते तेव्हा माणूस आधीपेक्षा जास्त लाचार होतो.

ब्रिटनचा इतिहास यासाठी बघण्यासारखा आहे. १८३४ साली गरिबांच्या मदतीचा कायदा बदलला. मदत घेणाऱ्याची स्थिती सगळ्यांत कमी मजुरीवर राबणाऱ्यापेक्षाही वाईटच असली पाहिजे, हे त्यामागचं तत्त्व. म्हणून वर्कहाउस, म्हणजे मदत हवी असेल त्याने आत राहून राबायची जागा. आत शिरलं की नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. शिवाय अशी मदत घेणाऱ्याचा मताचा अधिकार जायचा, आणि ही अट १९१८ पर्यंत टिकली. पोटाला मिळायचं, पण नागरिक म्हणून नाव कापलं जायचं.

मग १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा आला. सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला ५ शिलिंगांपर्यंत, १ जानेवारी १९०९ पासून. पैसे द्यायची जागा पोस्ट ऑफिस, आणि मताच्या अधिकाराला धक्का नाही. रक्कम काही फार नव्हती. पण आदल्या वर्षीपर्यंत ज्याच्यापुढे वर्कहाउसचं दार एवढाच पर्याय होता, तो म्हातारा आता पोस्टाच्या रांगेत पत्रं टाकायला आलेल्यांच्या शेजारी उभा होता. सरकार तेच आणि गरिबीही तीच. तरी मला यात स्वातंत्र्याचा फार मोठा फरक दिसतो.

तुमचे अनुभव आणि विरोधी मतं दोन्ही वाचायला आवडतील.

कंदील

चांगला विषय. पण तुम्ही ‘कोणावर अवलंबून’ यावर थांबलात आणि ‘कशासाठी जगायचं’ हे बाजूला राहिलं. सुखाची गोष्ट निघाली आहे, तर मारियेनथाल आठवायलाच हवं.

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ हे एक छोटं गाव. सगळं गाव एका कापड गिरणीवर चालायचं आणि मंदीच्या सुरुवातीला ती बंद पडली. १९३१-३२ मध्ये मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांच्या गटाने गावात जाऊन पाहणी केली. बहुतेक घरांना बेकारभत्ता मिळत होता. आधी कामामुळे वेळ नव्हता आणि आता वेळच वेळ होता, म्हणजे लोक वाचतील, जमतील, काहीतरी करतील असं कोणालाही वाटेल. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ केली तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. संशोधक खिडकीत घड्याळ घेऊन बसले आणि रस्त्याने जाणाऱ्यांची चाल मोजली. पुरुष हळू चालत, मधेच थांबत, पुन्हा चालत. पोहोचायचं कुठेच नव्हतं. बायका मात्र एवढ्या थांबत नसत, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं.

पैसा हक्काने मिळो की मेहेरबानीने, काम गेलं की दिवसाचा कणा मोडतो. कल्याणकारी योजनांचे समर्थक हे कधी नीट बोलत नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

माजघर

अनुमोदन, कंदील. आमच्या घरात लवकर निवृत्ती घेतलेल्यांचंही असंच झालं आहे. पैशाची चणचण नव्हती, तरी माणूस खुर्चीत विरून गेला.

निळीशाई

कंदील, मारियेनथालची दुसरी बाजूही त्याच पाहणीत आहे. भत्ता चालू ठेवायचा तर कुठलंही काम करायचं नाही, अशी अट होती. एकाने झाडं तोडायला मदत केली आणि मोबदल्यात जळाऊ लाकूड घेतलं, त्याचा भत्ता बंद. एका बाईने दूध पोहोचवलं, बदल्यात मुलांसाठी थोडं दूध मिळालं, तिचाही बंद. एकजण हार्मोनिका वाजवून चार पैसे मिळवायचा, त्याचाही. गावात याच्या-त्याच्या विरुद्ध निनावी तक्रारीही जात असत.

अशा गावात माणसं रस्त्यात थांबत-थांबत चालली, तर दोष भत्त्याचा की अटीचा? हार्मोनिका वाजवणं हा गुन्हा ठरत असेल तर माणूस काय करणार? काम गेल्याने उमेद जाते हे खरंच. पण त्या नियमाने उरलीसुरली उमेदही दंडाला पात्र ठरवली.

कंदील

@निळीशाई, अट जाचक होती हे मान्य. तरी मुख्य मुद्दा राहतोच. अट नसती तर हार्मोनिकावाला वाजवत राहिला असता, बाकीचे शेकडो लोक? गिरणी काही परत सुरू झाली नसती.

उंबरठा

वरची चर्चा सगळी पुरुष आणि नोकरी यांच्याभोवती फिरते आहे. घराच्या आतलंही बोलू.

माझी मावशी नवरा गेल्यानंतर भावाकडे राहत होती. भाऊ वाईट नव्हता, तिला कधी कोणी टाकून बोललं नाही. पण तिच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि ती कितीतरी दिवस दोरा बांधून तो वापरत होती. मागितले असते तर पैसे मिळाले असते. तिला मागायचं नव्हतं. पुढे तिच्या स्वतःच्या नावाने पेन्शन सुरू झालं. रक्कम अशी की त्यात घर चालणार नाही. पहिल्या पैशातून तिने चष्मा करून आणला आणि घरात कोणाला सांगितलंही नाही. आमच्या लक्षात आलं तेव्हा म्हणाली, ‘सांगायचं काय त्यात?’ इतकी वर्षं प्रत्येक गोष्ट सांगून, विचारून करणाऱ्या बाईच्या तोंडून हे वाक्य ऐकताना मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

ती सरकारवर अवलंबून झाली का? झाली. पण सरकारच्या ताटात जेवावं लागत नाही आणि त्याचा चेहरा रोज बघावा लागत नाही.

आता याच्या नेमकं उलट उदाहरण. अमेरिकेत अलाबामा राज्याचा नियम होता की मुलांसाठी मदत घेणाऱ्या आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असतील, तर त्या पुरुषाला मुलांचा ‘बदली बाप’ धरायचं आणि मुलांची मदत बंद करायची. त्या पुरुषावर मुलांना पोसण्याची कायदेशीर जबाबदारी असो वा नसो. अशा बायकांच्या घरावर पाळत ठेवली जायची. १९६८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. तोवर ज्या बायकांनी मदत घेतली, त्यांनी नवऱ्याच्या जागी एक सरकारी खातं आणून बसवलं होतं, आणि ते खातं नवऱ्यापेक्षा जास्त संशयी होतं.

पायवाट, तुमचा मुद्दा मला पटतो तो इथे.

सरळरेघ

मी विरोधात लिहितो आहे.

पहिली गोष्ट, सरकार कधीच निरपेक्ष दाता नसतं. जर्मनीत चान्सलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा व अपंगत्वाचा विमा आणला. त्याआधी, १८७८ मध्ये, याच माणसाने समाजवादी संघटनांवर बंदी घातली होती. कामगारांना राज्याशी बांधून ठेवणं हा त्यामागचा उघड हेतू होता. देणारा हात मोजत असतो की बदल्यात काय मिळणार. नियमाने दिलं तरी नियम बदलण्याची सत्ता त्याच्याकडेच राहते.

दुसरी गोष्ट कामाची. १९७० च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटल आणि डेन्व्हर इथे किमान उत्पन्नाची हमी देऊन मोठा प्रयोग झाला. लोकांनी कामाचे तास कमी केले, विवाहित स्त्रियांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात. म्हणजे परिणाम होतो. तो किती, यावर वाद घाला, पण होतच नाही असं म्हणू नका.

तिसरी गोष्ट, कर भरणाऱ्याचंही स्वातंत्र्य असतं. त्याच्या श्रमाचा भाग त्याला न विचारता घेतला जातो. या धाग्यावर त्याच्याबद्दल अजून कोणी एक ओळ लिहिलेली नाही.

निळीशाई

तास कमी झाले हे खरं, पण कोणाचे आणि त्या वेळेचं काय झालं हेही बघा. त्याच दशकात कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या डॉफिन गावात अशीच हमी दिली होती, १९७४ ते १९७९. पुढे एव्हलिन फोर्जे या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी जुन्या नोंदी तपासल्या. तुलनेसाठी निवडलेल्या लोकांच्या मानाने डॉफिनमध्ये रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण ८.५ टक्क्यांनी घटलं होतं. किशोरवयीन मुलं शाळेत जास्त काळ टिकली. ओल्या बाळंतिणीने कामावर उशिरा परतणं आणि सतरा वर्षांच्या मुलाने शाळा पूर्ण करणं, हे ‘कामाचे तास घटले’ या रकान्यात जातं. मी त्याला आळस म्हणणार नाही.

खिडकी

मी काही वर्षं मदतीचे अर्ज तपासण्याच्या कामावर होतो. कुठे ते महत्त्वाचं नाही. दोन गोष्टी लिहितो.

लोक खिडकीशी येतात तेव्हा हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात आयुष्यातले सगळे कागद. एक मागितला की सगळी पिशवी उपसतात. बोलायचं काय ते घरून पाठ करून आलेले असतात. मधेच प्रश्न विचारला की तुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. मदत घेणारा माणूस निर्ढावलेला असतो असं बाहेर बोललं जातं. मला निर्ढावलेले फार थोडे भेटले. आपलं दुःख दुसऱ्याला पटेल अशा शब्दांत मांडण्याची सवय लागलेले मात्र खूप भेटले. ही सवय माणसाला आतून बदलते. तो स्वतःलाच त्या अर्जातला माणूस समजायला लागतो: काय येत नाही, काय जमत नाही, काय नाही.

दुसरी गोष्ट, लोक हिशेब करतात आणि तो बरोबर करतात. एका माणसाने पगारवाढ नाकारली होती. आळशी अजिबात नव्हता. वाढलेल्या पगाराने तो मर्यादेच्या वर जाणार होता आणि त्याच्या अपंग मुलीची मदत बंद होणार होती. माझ्यासमोर त्याने कागदावर बेरीज-वजाबाकी मांडून दाखवली आणि विचारलं, ‘तुम्ही काय केलं असतं?’

ही अडचण जगभर आहे. ब्रिटनमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना मिळणाऱ्या युनिव्हर्सल क्रेडिट या मदतीत कमाई ठरावीक सवलतीच्या वर गेली की प्रत्येक जादा पाउंडामागे ५५ पेन्स मदत कापली जाते. २०२१ च्या अखेरीपर्यंत ६३ कापले जायचे. शंभरातले पंचावन्न कापणारा कर श्रीमंतांवर बसवला तर केवढा गहजब होईल! अमेरिकेत गरीब वृद्ध आणि अपंगांना जी पूरक मदत मिळते, तिच्यासाठी एकट्या माणसाकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक चालत नाही, जोडप्याकडे ३,००० पेक्षा जास्त नाही. राहतं घर आणि एक गाडी त्यात धरत नाहीत. हे आकडे १९८९ पासून तसेच आहेत. बचत करणं हा स्वावलंबनाचा पहिला धडा, आणि इथे नियम सांगतो की बचत केलीस तर मदत गेली. अपंग जोडप्यांनी लग्नच टाळावं अशी वेळ येते, कारण दोघांची मिळून मर्यादा दोन एकट्यांपेक्षा कमी.

सरळरेघ म्हणतात तसा कामावर परिणाम होतो. पण मी जो पाहिला तो पैसे दिल्याने कमी आणि कमावल्यावर ते काढून घेण्याच्या धाकाने जास्त.

माजघर

खिडकी, हा प्रतिसाद वेगळा धागा व्हावा इतका महत्त्वाचा आहे.

पायवाट

खिडकी, मनापासून आभार. सुखाबद्दल कंदील यांनी विचारलं होतं, त्यावर फिनलंडचा प्रयोग सांगतो. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं, २५ ते ५८ वयोगटातल्या २,००० बेकारांना लॉटरीने निवडून महिन्याला ५६० युरो दिले. रक्कम साध्या बेकारभत्त्याएवढीच. फरक एवढाच की नोकरी लागली तरी पैसे बंद होणार नव्हते. रोजगारावर परिणाम अगदी किरकोळ: तपासलेल्या वर्षभराच्या काळात सरासरी सहाएक दिवस जास्त काम. समाधान मोजलं तेव्हा दहापैकी ७.३, बाकीच्या बेकारांचं ६.८. मानसिक ताण कमी, आणि इतर माणसांवरचा व संस्थांवरचा विश्वास जास्त.

काम फारसं वाढलं नाही म्हणून अनेकांनी प्रयोग फसल्याचं जाहीर केलं. मला त्यात उलट दिसतं. धाक काढून घेतला तरी लोक कामापासून पळाले नाहीत, आणि जगणं हलकं झालं.

सरळरेघ

त्या समाधानाच्या आकड्याला जपून हाताळा. पाहणीला पैसे मिळणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांनी उत्तर दिलं आणि न मिळणाऱ्यांपैकी २० टक्क्यांनी. कोण उत्तर देतं यावर बरंच ठरतं. शिवाय २०१८ मध्ये तिथे बेकारांसाठी सक्तीचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे रोजगाराचा आकडाही गढूळ आहे.

देशादेशांची तुलना केली तर चित्र आणखी अस्पष्ट होतं. डच समाजशास्त्रज्ञ रूट फेनहोवन यांनी २००० साली अनेक देशांचे आकडे तपासले. सरकारी कल्याणखर्च जास्त असलेल्या देशांत लोक अधिक सुखी असतात, असं त्यांना आढळलं नाही. फिनलंड २०१८ पासून जागतिक आनंद अहवालात पहिलं आहे हे कोणीतरी सांगेलच. पण तिथे कमी भ्रष्टाचार आहे, लोकांचा एकमेकांवर विश्वास आहे. कशामुळे काय झालं, हे वेगळं काढता येत नाही.

निळीशाई

फेनहोवन यांच्या उलट निष्कर्ष काढणारे अभ्यासकही आहेत, उदाहरणार्थ बेंजामिन रॅडक्लिफ. पण खर्चाचा एकूण आकडा घेऊन सुख मोजणं मलाही पटत नाही. अपमान करून दिलेला आणि सन्मानाने दिलेला रुपया त्या बेरजेत एकच धरला जातो.

काठावरचा

बराच वेळ वाचतो आहे. पायवाट, तुमच्या मूळ मांडणीला दोन ठिकाणी धक्का लागतो.

एक, १९०८ चं पेन्शन तुम्ही म्हणता तितकं निखळ हक्काचं नव्हतं. उत्पन्नाची मर्यादा होती. ऐपत असून कामचुकारपणाची सवय असलेल्यांना वगळायची तरतूद होती, आणि सुरुवातीला नुकतीच गरीब-मदत घेतलेल्यांनाही ते मिळत नसे.

दोन, आणि हे जास्त गंभीर आहे: नियम माणसाच्या मर्जीतून सोडवतो असं तुम्ही म्हणता, पण नियमच माणसाला चिरडतो तेव्हा काय? नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी मदत मिळायची. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा शिक्का बसला. एखादी सही राहिली, थोडा हिस्सा भरल्याचा पुरावा नाही, एवढ्यावरून त्या वर्षाची सगळी रक्कम परत मागितली गेली. दुहेरी नागरिकत्व असलेल्यांकडे जास्त संशयाने पाहिलं गेलं. घरं गेली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ऑस्ट्रेलियात तर वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून संगणकानेच लोकांच्या नावावर कर्ज दाखवलं. चार लाखांहून जास्त लोकांना ही बेकायदा वसुली लागली आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. तिथे कोणा कारकुनाची मर्जी नव्हती. असती तर कदाचित एखाद्याला दया तरी आली असती.

पायवाट

काठावरचा, १९०८ बद्दलची भर योग्य आहे. त्या अटींनी ज्या गरिबांना वगळलं, त्यांच्यासाठी जुनी गरीब-मदतच उरली होती.

दुसऱ्या मुद्द्यावर बराच विचार केला. ही दोन्ही प्रकरणं नीट बघितली तर एक गोष्ट समान दिसते: पुरावा देण्याचं ओझं मदत घेणाऱ्यावर टाकलं होतं. सरकार म्हणणार ‘तू देणं लागतोस’, आणि कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या शोधून ‘लागत नाही’ हे सिद्ध करायचं त्या माणसाने. मर्जी गेली नव्हती. ती खिडकीवरून उचलून वर, नियम लिहिणाऱ्याकडे गेली होती, जिथे गाऱ्हाणं पोहोचत नाही.

म्हणून मला आता अटींच्या संख्येकडे बघावंसं वाटतं. अट जितकी जास्त, तितक्या चुकण्याच्या जागा जास्त, आणि प्रत्येक जागी कोणीतरी पकडणारा बसलेला. पाळणाघराच्या मदतीत उत्पन्न, कामाचे तास, भरलेला हिस्सा, सही, सगळं दरसाल जुळावं लागे. वयावर मिळणाऱ्या पेन्शनमध्ये चुकण्यासारखं उरतं काय? जन्मतारीख. अलास्कामध्ये १९८२ पासून तेलाच्या पैशातून उभारलेल्या निधीचा वार्षिक लाभांश तिथल्या रहिवाशांना मिळतो, तान्ह्या मुलांपासून सगळ्यांना. तो घेणाऱ्याला कोणी ऐतखाऊ म्हणत नाही. एकूण रोजगारही त्याने घटला नाही, अर्धवेळ कामं मात्र थोडी वाढली, असं त्यावरच्या अभ्यासात दिसलं.

सरळरेघ

अटी काढा म्हणणं सोपं आहे. अटी खर्च आटोक्यात ठेवण्यासाठीच असतात. सगळ्यांना द्यायचं तर एकतर रक्कम नावापुरती राहील, नाहीतर कर दुप्पट होतील. अलास्काकडे तेल आहे.

तरी एवढं म्हणतो: खिडकी यांनी लिहिलेला पगारवाढ नाकारणारा माणूस मलाही सलतो. मी कर भरतो तो त्याला अडकवून ठेवण्यासाठी नाही. अटी असाव्यात, पण कमावणाऱ्याला शिक्षा करणारी अट नसावी, इतपत मी तुमच्यासोबत आहे. १९६२ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ऋण आयकराची, म्हणजे उत्पन्न ठरावीक पातळीखाली असेल तर कर घेण्याऐवजी सरकारनेच पैसे द्यायचे, ही कल्पना मांडली ती याच कारणासाठी, आणि ते काही सरकारी खर्चाचे चाहते नव्हते.

उंबरठा

सरळरेघ, खर्चाच्या मुद्द्यावर वाद आहेच. मग निदान म्हातारे, मुलं आणि अपंग यांच्यापासून सुरुवात करता येईल. वय आणि अपंगत्व कोणी आळसाने मिळवत नाही. आणि पैसे ज्याच्यासाठी आहेत त्याच्याच नावावर जावेत, कुटुंबप्रमुखाच्या नाही. स्वीडनने १९७१ मध्ये नवरा-बायकोच्या कमाईवरचा कर वेगवेगळा केला, तिथल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मदतही आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरत नाही. वीस वर्षांच्या मुलीला बापाला न पटणारा विषय शिकता येतो तो त्यामुळे.

कंदील

माझा प्रश्न अजून तिथेच आहे. पैसा हक्काने, अटींशिवाय, स्वतःच्या नावावर मिळाला असं धरू. मारियेनथालमधल्या त्या पुरुषांना उद्या सकाळी उठून जायला जागा कोण देणार? पैशाच्या योजनेइतक्याच गंभीरपणे कोणी कामाच्या योजनेचं बोलत नाही तोवर मी समाधानी नाही.

खिडकी

कंदील, ती जागा देणं पैशाच्या योजनेला जमणार नाही, यात आपलं एकमत आहे. पण ती जागा शोधायला निघालेल्याला वाटेत अडवायचं नाही, एवढं तिला जमतं. माझ्या हातात असतं तर मी दोन बदल केले असते. नवी कमाई सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर मदतीला हात लावायचा नाही. आणि ते काम सुटलं तर पुन्हा नव्याने अर्ज करायला न लावता जुनीच मदत दुसऱ्या महिन्यापासून चालू करायची. लोक काम धरायला घाबरत नव्हते. काम सुटलं तर पुन्हा ती पिशवी घेऊन रांगेत उभं राहावं लागेल, याला घाबरत होते. पगारवाढ नाकारणाऱ्या त्या माणसाला हे दोन नियम मिळाले असते तर त्याने काय केलं असतं, याबद्दल मला जराही शंका नाही.